घाणा थांबतो तेव्हा

काशीच्या शिंदे घाटावर तुम्ही उभे आहात. साल 1830च्या सुमाराचं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी हा घाट बांधवून घेतला आहे आणि पायऱ्यांवर जिकडेतिकडे मराठी ऐकू येते. शिंद्यांचे कारभारी बोलताहेत, देशावरून मजल दरमजल करत आलेले यात्रेकरू बोलताहेत, त्यांचे क्षेत्रोपाध्याय बोलताहेत. शेजारच्या मणिकर्णिकेचा धूर वाऱ्याबरोबर इकडे वळतो. दगडाचं हे काम इतकं अवजड आहे की पुढे ते स्वतःच्याच भाराने खचणार आहे, पण आज घाट नवा आहे आणि पायरी पायाला गार लागते.

इथे धर्माला लागणारं सगळं हाताशी आहे. नदी आहे, अग्नी आहे, देवळं आहेत, मंत्र सांगणारा ब्राह्मण आहे, आणि पोथीत शंका आलीच तर ती सोडवणारा पंडित चार गल्ल्या पलीकडे राहतो. यातली एकेक गोष्ट काढून घेत गेलं तर? आधी पंडित गेला, मग पोथी, मग देऊळ, मग मंत्राची भाषा. शेवटी धर्म म्हणून काय उरेल? काशीत उभं राहून हे कळणार नाही. मात्र मराठी बोलणाऱ्याच एका समाजाने हे सगळं गमावून पाहिलं आहे आणि तरीही आपला धर्म सोडलेला नाही. तो समाज दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. तिकडे चला, आणि जाताना नव्वद वर्षं मागे चला.

आता तुमच्या पायाखाली वाळूमिश्रित लाल माती आहे. कुलाब्याच्या किनाऱ्यावर आंग्र्यांचा अंमल आहे. रेवदंडा-चौल पोर्तुगीजांच्या हातून नुकताच मराठ्यांकडे आला आहे. शुक्रवारची दुपार कलते आहे. नारळी-पोफळींच्या आत एका घराच्या पडवीला लागून तेलाचा लाकडी घाणा फिरतो आहे. झापडं लावलेला बैल गोल गोल चालतो, लाट करकरते, पेंडीचा गोडसर खमंग वास हवेत दाटला आहे. घरधनी पुन्हा पुन्हा समुद्राकडे बघतो. सूर्य माडांच्या शेंड्यांखाली उतरला तसा तो बैलाला थांबवतो, जू उतरवतो, झापडं काढतो आणि पाठीवर थाप मारून त्याला गोठ्याकडे हाकतो. इतक्यात शेजारची बाई गाडगं घेऊन तेलाला येते. "आता न्हाय वयनी, परवा या," तो म्हणतो. तिला नवल वाटत नाही. अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक आहे की हे शनवार तेली आहेत, शनिवारी यांचा घाणा बंद.

घरात जा. उद्याचं जेवण रांधून झाकून ठेवलं आहे, कारण उद्या चूल पेटायची नाही. दिवा लागला आहे. देव्हारा शोधू नका, तो नाही. भिंतीवर तसबीर नाही, कोनाड्यात टाक नाहीत. घरातली आजी उजव्या हाताने डोळे झाकते आणि काही शब्द पुटपुटते. ते मराठी नाहीत. त्यांचा अर्थ तिला विचारलात तर ती नीट सांगू शकणार नाही. तिच्या सासूने तिला दिले, सासूला तिच्या सासूने. बाळ जन्मलं की हेच शब्द, लग्नात हेच, नवस फेडताना हेच, मरणाऱ्याच्या उशाशीही हेच.

या प्रार्थनेला शेमा म्हणतात. देव एक आहे आणि तोच आपला देव आहे, एवढंच ती इस्राएलला ऐकवते. जगभरचे यहुदी ती सकाळी आणि रात्री म्हणतात, आणि शक्य झालं तर शेवटच्या श्वासालाही. यहुदी धर्माचा पाया हाच. देव एक, त्याला रूप नाही, त्याची मूर्ती करायची नाही, तो अवतार घेत नाही. त्याने यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्याशी करार केला, मोशेच्या हाती नियमशास्त्र दिलं, आणि त्या कराराने बांधलेल्या लोकांनी रोजच्या जगण्यातून तो पाळायचा. दुसऱ्यांना या धर्मात ओढून आणायचं नाही, आणि आपण तो सोडायचा नाही. त्यात श्रद्धेपेक्षा आचाराला जास्त वजन आहे. काय मानता याआधी काय करता हे विचारलं जातं.

आणि हे घर काय करतं ते तुम्ही आत्ताच पाहिलंत. यहुद्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून त्यांचा शनिवार शुक्रवारच्या सांजेलाच लागतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यायचा. या दिवसाला शब्बाथ म्हणतात. पुढे शास्त्रकारांनी या दिवशी वर्ज्य अशी 39 प्रकारची कामं नेमून दिली. पेरणं, दळणं, विणणं, लिहिणं, विस्तव पेटवणं ही त्यांतलीच. मला स्वतःला या आज्ञेतला सर्वात मोठा भाग वेगळाच वाटतो. विसावा फक्त मालकाला नाही. नोकराला, दासीला, दारात आलेल्या परक्याला आणि बैलालाही तो द्यायचा आहे असं दहा आज्ञांमध्येच म्हटलं आहे. कुलाब्याच्या त्या तेल्याला दहा आज्ञा पाठ नव्हत्या. त्याच्याकडे ग्रंथ नव्हता. पण बैलाची झापडं त्याने सूर्यास्ताआधी काढली.

ही माणसं इथे आली कशी? आजीला विचारा. ती तुम्हाला अलिबागच्या उत्तरेला नवगावच्या किनाऱ्याकडे बोट करून दाखवेल. गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बाकीची प्रेतं लाटांनी काठावर आणून टाकली, ती तिथेच पुरली. बुडताना पोथ्या समुद्रात गेल्या. कोणी म्हणतात ही मंडळी दोन हजार वर्षांपूर्वी आली, कोणी त्यांचं येणं बरंच अलीकडे आणतात. समाज स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं म्हणवतो. गावांवरून आडनावं पडली: किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर. शामुएलचा सामाजी झाला, इसहाकचा इसाजी. बायका लुगडं नेसू लागल्या, गळ्यात मंगळसूत्र आलं. शेजाऱ्यांचं पाहून यांनी गोमांस सोडलं आणि विधवांचं लग्नही बंद केलं. जातीची उतरंडसुद्धा उचलली. गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन तट पडले आणि त्यांच्यात बेटीव्यवहार राहिला नाही. चांगल्याबरोबर वाईटही शिकलं गेलं, ते लपवून उपयोग नाही.

पण काही गोष्टी त्यांनी कोणाकडूनच घेतल्या नव्हत्या. मुलगा झाला की आठव्या दिवशी सुंता. शेजारी मुसलमानांतही सुंता होते, पण तिला आठव्याच दिवसाचा दंडक नाही. अब्राहामाशी झालेल्या कराराची ही खूण आहे आणि शास्त्रात तिचा दिवस मोजून दिलेला आहे. तो दिवस या घरांत चुकला नाही.

आता चुलीपाशी या, कारण समाजाच्या आठवणीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग स्वयंपाकघरात घडतो. कोचीनहून दावीद राहाबी नावाचा एक यहुदी विद्वान कोकणात आला. कोणी त्याला कित्येक शतकं मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात बसवतात. त्याने ऐकलं की इथे शनिवार पाळणारे तेली आहेत. हे आपलेच आहेत का, हे त्याला पाहायचं होतं. पुरुषांशी त्याने वाद घातला नाही. बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली आणि म्हणाला, रांधा.

तुम्ही त्या टोपलीत डोकावता. रावस आहे, बोय आहे, आणि मुशी, शिंगाळा, कोलंबी, खेकडेही आहेत. कोकणात यातलं काहीही टाकून देण्यासारखं नाही. बायका खाली बसतात आणि बोलता बोलता हात चालू लागतात. रावस, बोय एका बाजूला. मुशी, शिंगाळा, कोलंबी, खेकडा दुसऱ्या बाजूला. "हे आमच्यात खात न्हाईत," त्या सांगतात. का, ते त्यांना माहीत नाही. राहाबीला माहीत आहे. ज्या मासळीला पर आणि खवले दोन्ही आहेत तीच खावी, असा तोरेचा, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथाचा, नियम आहे. डुकराचं मांस नाही. रक्त नाही, म्हणून जनावर ठरलेल्या रीतीने कापायचं आणि मांस मीठ लावून, रक्त काढून टाकून मगच शिजवायचं. मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नाही. हा शेवटचा नियम कोकणाने सोपा केला. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध घातलं की दोन्ही साधतं, आणि बेने इस्राएलांच्या घरी आजही तो रस्सा तसाच होतो.

राहाबीची खात्री पटली. परंपरा सांगते की त्याने झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना प्रार्थना आणि विधी शिकवून तयार केलं. लोक त्यांना काजी म्हणू लागले. हा प्रसंग शब्दशः असाच घडला असेल की नाही, यावर इतिहासकार बोलोत. समाजाने आपली ओळख सांगायला हाच प्रसंग निवडला, हे मला फार बोलकं वाटतं. धर्माची परीक्षा घ्यायला आलेल्या पंडिताला उत्तर बायकांच्या हातांनी दिलं.

थोडे दिवस राहा इथे. वर्ष फिरू द्या. यहुद्यांचे महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचं, म्हणून आपल्या अधिक मासासारखाच त्यांचाही एक जादा महिना असतो, 19 वर्षांत सात वेळा. त्यामुळे यांचे सण आपल्या सणांच्या बरोबरीने पुढेमागे होतात. फाल्गुनाच्या आसपास येणारा पुरीम इथे होळीचा सण म्हणून ओळखला जातो. पावसाळ्यात बिरड्याचा रोजा येतो. यरुशलेमचं मंदिर दोनदा पडलं, इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबिलोनी सैन्याने आणि इसवी सन 70 मध्ये रोमनांनी. त्या दोन्हींचा शोक जगभरचे यहुदी ज्या दिवशी उपास करून पाळतात, तो हा दिवस. कोकणात त्या उपासाला वालाच्या बिरड्याचं नाव चिकटलं. दाण्यांच्या सुगीला खिरीचा सण: नव्या दाण्यांची गूळ-नारळाची खीर, उदाचा धूर, शेमा, आणि मग जेवण.

सगळ्यात थक्क करणारा सण वसंतात येतो. बाहेरच्या जगात त्याला पेसाह म्हणतात. इस्राएली लोक मिसर देशात गुलाम होते, मोशे त्यांना सोडवून घेऊन निघाला, निघताना इतकी घाई की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून या दिवसांत आंबवलेलं काही खायचं नाही, घरात ठेवायचंही नाही. आमच्या कोकणातल्या घरात ही गोष्ट कोणालाच ठाऊक नाही. मोशे विसरला गेला आहे, मिसर विसरला गेला आहे. तरी सासू कोपऱ्यातलं एक भांडं उचलते. त्याला अनस म्हणतात. जेवणाला आंबट चव आणायचं पाणी त्यात वर्षभर मुरत असतं. ती त्याच्यावर झाकण घालते आणि सण संपेपर्यंत ते उघडत नाही. या सणाचं नावच अनशी ढाकाचा सण. गुलामगिरीतून सुटल्याची सगळी कथा पुसली गेली, आणि आंबट भांड्यावर झाकण घालायचं तेवढं राहिलं. इतक्या बारीक धाग्यावर एवढी मोठी आठवण शेकडो वर्षं टिकून राहू शकते, यावर हे पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

भाद्रपद-आश्विनात नव्याचा सण, म्हणजे त्यांचं नवं वर्ष. गव्हाच्या चिकाचा नारळाच्या दुधातला हलवा होतो. दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण. आदल्या सांजेला सगळे आंघोळ करून पांढरे कपडे घालतात, घराची दारं लावली जातात. दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. तुम्ही शेजारी असाल तर त्या दिवशी हाक मारू नका, कोणी बाहेर येणार नाही. जगातल्या सिनेगॉगांत, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरांत, हाच दिवस योम किप्पूर म्हणून पाळतात, वर्षातला सर्वात पवित्र. वर्षभराच्या पापांची देवाकडे क्षमा मागायची. त्यात एक अट आहे आणि ती मला या सबंध धर्मातली सर्वात कडक अट वाटते. देवाविरुद्ध केलेलं पाप देव माफ करतो, पण माणसाविरुद्ध केलेलं पाप त्या माणसाकडे जाऊन, त्याची क्षमा मागून, नुकसान भरून दिल्याशिवाय सुटत नाही. उपासाने ते धुतलं जात नाही. दुसऱ्या दिवशी शिळा सण, तेव्हा दारं उघडतात, गोरगरिबांना दान दिलं जातं आणि लोक एकमेकांच्या घरी जातात.

आता मुंबईत या. 1796. मांडवीच्या बाजूला नवं सिनेगॉग उभं राहिलं आहे. ते बांधणारा माणूस सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच शामुएल एझिकेल दिवेकर. कंपनी सरकारच्या पलटणीतला. टिपूशी झालेल्या लढाईत तो आणि त्याचा भाऊ कैद झाले. घरोघर सांगतात ती गोष्ट अशी: कैद्यांना मारायची वेळ आली, तेव्हा यांनी आपली जात बेने इस्राएल सांगितली. टिपूच्या आईने कुराणात ज्यांचं नाव ऐकलं होतं, त्या लोकांना तिने जन्मात पहिल्यांदा पाहिलं आणि जीवदान देवविलं. सुटून आल्यावर सामाजीने नवस फेडला. सिनेगॉगचं नाव शाआर हाराहमीम, दयेचं द्वार. लोक त्याला मशीदच म्हणतात, आणि 1840 मध्ये दुसरं सिनेगॉग झाल्यावर याला जुनी मशीद म्हणू लागतील. 1860 मध्ये ते जवळच नव्या जागेत जाईल, आणि तिथल्या रस्त्याला सामाजीचंच नाव आहे, सॅम्युएल स्ट्रीट.

डोकं झाकून आत या. मूर्ती नाही हे आता तुम्हाला सांगायला नको. सगळ्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, कारण इथून यरुशलेम त्या दिशेला येतं. त्या भिंतीत पडद्याआड एक कपाट, त्याला हेखाल म्हणतात. मध्यभागी कठड्याचा उंच चौथरा, ती तेवा. हेखालात तोरेच्या गुंडाळ्या ठेवायच्या, तेवेवर उभं राहून वाचायच्या. तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं. चामड्यावर हाताने लिहिलेली, अक्षर चुकलं तर ती गुंडाळी दुरुस्तीपर्यंत वाचनाला चालत नाही. दर आठवड्याला एक भाग वाचत वर्षभरात ती पूर्ण करायची, आणि ज्या दिवशी संपते त्याच दिवशी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात. तिच्यात 613 आज्ञा असल्याचं शास्त्री मोजतात. त्यांचा अर्थ लावत पिढ्यान्‌पिढ्या जी चर्चा चालली, ती ताल्मुदात आहे, आणि त्यात हरलेल्या पक्षाचं मतही जपून ठेवलेलं असतं. सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात. पुजारी लागत नाही.

आणि इथे एक दुखरी गोष्ट आहे. सामाजी तोरेच्या गुंडाळ्या आणायला स्वतः कोचीनला गेला आणि 1797 मध्ये तिथेच वारला. दार त्याने उघडून दिलं, आतला ग्रंथ आणताना तो गेला.

पुढची सत्तर-ऐंशी वर्षं झरझर जाऊ द्या. कोचीनहून शिक्षक येतात. ख्रिस्ती मिशनरी येतात, शाळा काढतात, जुना करार मराठीत वाचायला देतात. जॉन विल्सन 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहितो. मिशनऱ्यांना वाटत होतं ही मंडळी बाप्तिस्मा घेतील. फार थोड्यांनी घेतला. बाकीच्यांनी व्याकरण घेतलं, हिब्रू शिकले आणि आपल्याच प्रार्थना समजून म्हणू लागले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी त्या प्रार्थना मराठीत आणल्या. हाईम सामुएल केहिमकर यांनी समाजासाठी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. अनस, दारफाळणी, बिरड्याचा रोजा ही सगळी नावं आपल्यापर्यंत पोचली त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

पुण्यात उतरा, 1874च्या वसंतात. लष्करातली, कचेऱ्यांतली बेने इस्राएल कुटुंबं इथे स्थायिक झाली आहेत. कॅम्पात यहुदी व्यापारी दावीद ससूनने बांधलेलं तांबड्या विटांचं सिनेगॉग उभं आहे, पुणेकर त्याला लाल देऊळ म्हणतात. एका घरात शिरताना चौकटीवर तिरपी बसवलेली लहानशी डबी दिसेल. तिच्यात शेमा लिहिलेला चामड्याचा तुकडा आहे. घरातली माणसं तिला बोट लावून ओठांना लावतात आणि आत जातात.

आज पेसाहची पहिली रात्र. घर धुऊन-पुसून आंबवणाचा कण न कण काढून टाकला आहे. तबकात बिनआंबवलेली भाकरी, कडू पाला, मिठाचं पाणी, उकडलेलं अंडं, हाडाचा तुकडा, खजूर उकळून केलेला दाट रस. कडू पाला गुलामीच्या दिवसांसाठी, मिठाचं पाणी अश्रूंसाठी, खजुराचा रस त्या चिखलासाठी ज्याच्या विटा त्यांनी मिसरात पाडल्या. द्राक्षाची दारू न मिळाल्यास मनुका भिजवून केलेलं सरबत. प्रत्येकाला चार पेले. रीत अशी की घरातलं सर्वात धाकटं पोर विचारतं, आजची रात्र इतर रात्रींहून निराळी का? आणि मोठ्यांनी उत्तर द्यायचं. धर्म पुढच्या पिढीला द्यायची याहून चांगली रीत मला माहीत नाही. उपदेशाने सुरुवात नाही, मुलाच्या प्रश्नाने आहे, आणि मुलाने विचारल्याशिवाय मोठ्यांची गोष्ट सुरू होत नाही.

आजोबांच्या हातात नवं पुस्तक आहे. त्या रात्रीच्या विधीचं पुस्तक म्हणजे हग्गादा. मराठी भाषांतरासह ती मुंबईत 1846 मध्येच निघाली होती, ही पुण्याला छापलेली, 1874 ची. हिब्रूच्या जोडीला मराठी. चित्रं बघा. लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहची भाकरी करताहेत. ज्या घरात चार पिढ्यांपूर्वी फक्त एका भांड्यावर झाकण पडायचं आणि का ते कोणी सांगू शकत नव्हतं, त्याच घरातला नातू आता मराठीत विचारतो आहे आणि आजोबा मराठीत सांगताहेत: आपण मिसरात गुलाम होतो. सासूबाई गप्प बसून ऐकतात. त्यांच्या सासूने झाकण का घातलं, ते त्यांना आज कळलं.

शेवटच्या पेल्याआधी एक जास्तीचा पेला भरतात, तो एलियाहू संदेष्ट्यासाठी. मसीहाच्या, म्हणजे तारणहाराच्या, येण्याची वर्दी तोच घेऊन येणार, अशी श्रद्धा आहे. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्चीही ठेवतात. बेने इस्राएलांचं मात्र त्याच्याशी खास घरचं नातं आहे. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे असं ते मानतात. तिथे जाऊन, किंवा घरीच, मलिदा करतात. पोहे, ओला नारळ, गूळ, सुकामेवा एकत्र कालवून ताटात ढीग, भोवती फळं. प्रत्येक फळावर वेगळा आशीर्वाद: झाडावरच्याला एक, जमिनीतल्याला दुसरा. नोकरी लागली, आजारी बरा झाला, लग्न ठरलं, की मलिदा. इतर देशांतल्या यहुद्यांत हा विधी नाही. तो इथला आहे, पोह्यांसकट.

1880च्या आसपास तुम्हाला मुंबईत एका मांडवात थांबायला हवं. टाळ-मृदंग वाजतो आहे, बुवा उभे आहेत, पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू झाला आहे. आख्यान अब्राहामाचं. नारदीय कीर्तनाचा घाट जसाच्या तसा, साकी-दिंडी तशाच, गोष्ट मात्र तोरेतली. हिब्रू न येणाऱ्या बायकांपर्यंत आणि मुलांपर्यंत आपल्या पूर्वजांची चरित्रं नेण्यासाठी समाजातल्या लोकांनी हे मुद्दाम सुरू केलं, मंडळी काढली, पदं रचली, छापली. यहुदी धर्म अरबीत, स्पॅनिशमध्ये, जर्मनमधून आलेल्या यिद्दिशमध्ये वाढला हे सगळे सांगतात. मराठीत वाढला हे आपणसुद्धा सांगत नाही.

आता शेवटचे दोन थांबे. पहिला यरुशलेम, 1964. 1948 ला भारतात बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. इस्राएलचं राज्य झालं तसे ते तिकडे निघाले. तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांना अडवलं. तुम्ही इतकी शतकं तोरेवाचून राहिलात, तुमच्या लग्नांचे आणि काडीमोडांचे नियम शास्त्राप्रमाणे होते कशावरून? इतरांशी लग्न लावायचं तर आधी पिढ्यांची चौकशी. या अपमानाविरुद्ध कोकणातून गेलेली ही माणसं रस्त्यावर बसली, धरणं धरलं. 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत, आणि धर्मपीठाला आपला भेदभाव करणारा आदेश बदलावा लागला. माझं मत स्पष्ट आहे. ज्यांनी ग्रंथ हाती असताना धर्म पाळला त्यांनी, ज्यांनी ग्रंथ बुडाल्यावरही पाळला त्यांची परीक्षा घ्यायला नको होती.

दुसरा थांबा आजचा. भारतात हा समाज आता काही हजारांवर आला आहे, बहुतेक मुंबई, ठाणे आणि कोकणात. 2016 मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्राएलमधल्या त्यांच्या वस्त्यांत अजून मराठी बोलली जाते, 'मायबोली' नावाचं नियतकालिकही तिथून निघालं. अलिबागच्या इस्राएल आळीत 1848 ला स्थापन झालेलं आणि 1910 ला नव्याने बांधलेलं मागेन आबोथ सिनेगॉग आहे. आळीत मोजकी घरं उरली आहेत. दहा पुरुष जमवायला कधी कधी दुसऱ्या गावाहून माणसं यावी लागतात, आणि दहा जमल्याशिवाय मेलेल्यासाठी म्हणायचा कद्दीश म्हणता येत नाही.

यहुद्यांत प्रेत जाळत नाहीत. शक्य तितक्या लवकर, साध्या पांढऱ्या कापडात, श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखंच मातीत ठेवतात. घरचे सात दिवस जमिनीवर बसून शोक करतात. थडगं कायमचं असतं, ते उकरायचं नाही. म्हणून नवगावपासून रेवदंडा, पेण, तळे, म्हसळ्यापर्यंत, जिथे घरं उरली नाहीत तिथेही कब्रस्तानं उरली आहेत. दगडांवर वर हिब्रू आणि खाली बाळबोध मराठी: नाव, गाव, शके. वाचायला दुभाषा लागत नाही.

तुमच्या गावाजवळ असं कब्रस्तान असेल तर एकदा जाऊन या. कुंपणाची भिंत पडली असेल तर ग्रामपंचायतीत अर्ज द्या, रान माजलं असेल तर गावच्या पोरांना घेऊन ते काढा. शनिवारी मात्र जाऊ नका.